कच्च्या पाण्यातला कचरा जाळीवर अडवताना

नदी-तलावातून घेतलेल्या, अजून शुद्ध न केलेल्या पाण्यात तुरटी पडण्याआधी फांद्या, जलपर्णी, प्लास्टिक आणि चिंध्या निघायला हव्यात. चिंध्या पंपाच्या इम्पेलरला, म्हणजे आतल्या फिरत्या पात्यांच्या चाकाला, गुंडाळतात, काड्या व्हॉल्व्हमध्ये अडकल्या की तो पूर्ण बंद होत नाही.

जाळ्या दोन लावा. पाणी आत येते त्या तोंडाशी 50 मिमी फटीची गजांची जाळी, पंपाच्या आधी 6 ते 10 मिमीची बारीक. नुसत्या बारीक जाळीवर भागवले तर पुराचा पालापाचोळा तिला तासाभरात लिंपून टाकतो. गज उभेच हवेत आणि त्यांचे आडवे आधार मागच्या बाजूला, म्हणजे दाताळे खालपासून वरपर्यंत न अडखळता ओढता येते. हाताने साफसफाई करायची असेल तर जमिनीशी 45 ते 60 अंशांचा कल द्या. वर कचरा निथळायला भोकांचा पत्रा बसवा.

आकार ठरवताना खरी गफलत होते. सेकंदाला 100 लिटर पाणी घ्यायचे आहे आणि फटींतून वेग सेकंदाला अर्धा मीटर ठेवायचा आहे, तर मोकळी जागा 0.2 चौरस मीटर लागते. 50 मिमी फटींमधले गज 10 मिमी जाड असतील तर गजांसकट जाळी 0.24 चौरस मीटर होते. पण ही स्वच्छ जाळी झाली! अर्धी तुंबेल असे धरून दुप्पट, म्हणजे 0.48 चौरस मीटर घ्या, आणि तेही पाणी सर्वांत खाली गेल्यावर बुडालेले क्षेत्रफळ. वेग फार वाढला तर मऊ कचरा फटींतून दाबला जाऊन आत येतो. फार कमी झाला तर पाणी आणणाऱ्या चरातच गाळ बसतो.

जाळीच्या पुढे आणि मागे पातळीच्या पट्ट्या लावा. फरक 150 मिमी झाला की साफ करा, घड्याळाकडे पाहू नका. तेवढाच प्रवाह अर्ध्या फटींतून जाऊ लागला की वेग दुप्पट होतो, पातळीतला फरक मात्र चौपट. मग मागची पातळी घसरून पंप हवा ओढतो, गज वाकतात.

साफ करायला दोघे जण हवेत, कठडा आणि दोर हवा. पंप चालू असताना बारीक जाळी उचलू नका. जोडीला दुसरी जाळी असेल तर ती आधी खाली सोडा. जाळी आणि भिंत यांच्यातली फट गजांमधल्या फटीपेक्षा मोठी राहिली तर बाकीची मेहनत वाया जाते. ही चूक नेहमी दिसते. वाळू मात्र कुठल्याच जाळीवर अडत नाही, तिला पुढे वेगळी टाकी लागते.