पोर्टला लागायचंय? आधी यार्ड समजून घ्या

उरण-पनवेलकडची पोरं सारखी विचारतात, दादा पोर्टला लागायचंय काय शिकू, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. मी न्हावा शेवाच्या एका टर्मिनलला (जिथं जहाजावर कंटेनर, आमच्या भाषेत डबे, चढवतात-उतरवतात) ट्रेनी प्लॅनर म्हणून लागलो, म्हणजे कुठला डबा कुठे ठेवायचा ते ठरवणारा; टर्मिनलचं नाव नको.

पहिली गोष्ट, 'पोर्टला लागलो' असं सगळे म्हणतात पण बहुतेक नोकऱ्या टर्मिनल चालवणाऱ्या कंपनीच्या असतात. जेएनपीटी म्हणजे न्हावा शेवाचं बंदर 1989 ला सुरू झालं (कागदावर आता जेएनपीए, पण तोंडात जेएनपीटीच), 1999 पासून तिथं खाजगी टर्मिनल आहे आणि आता ऑपरेटर बरेच आहेत, त्यामुळे अर्ज कुठे करताय ते नीट बघा.

मला आधी वाटायचं की खरं काम म्हणजे जेटीवरच्या त्या उंच क्रेन. क्रेन दिसते भारी, चांगली चालली तर तासाला 25-30 मूव्ह (डब्यांची चढ-उतार) करते, पण तिच्या खाली वेळेवर ट्रेलर आला तरच ना! आणि ट्रेलर यार्डातून येतो, म्हणजे डबे रचून ठेवायच्या मैदानातून. यार्डात आरटीजीखाली (ही चाकांवरची यार्डातली क्रेन) सहा रांगा, एकावर एक पाच डबे. तळातला हवा असेल तर वरचे चार उचलून बाजूला ठेवायचे, म्हणजे एका डब्यासाठी पाच उचल, आणि त्या चार मूव्हचे पैसे कोणी देत नाही. प्लॅनरचं डोकं दिवसभर इथंच लागतं, हा डबा जहाजावर आधी जाणार की नंतर, कुठल्या पोर्टचा, वजन किती.

माझा घोळ वजनातच झाला. जहाजात जड डबे खाली म्हणजे ते आधी लोड होतात, तर यार्डात ते सहज हाताशी पाहिजेत. मी एका रात्री गेट-इनची (गेटमधून आत येणाऱ्या डब्यांची) गर्दी बघून जागा दिसेल तिथं एक्स्पोर्टचे डबे लावत गेलो, हलके जड सगळे एकाच स्टॅकमध्ये, जड बरेचसे तळाला. दुसऱ्या दिवशी लोडिंग सुरू झालं आणि आरटीजी नुसती उकरतेय, मागे ट्रेलरची लाईन, जेटीवर क्रेन उभी. शिफ्ट इन्चार्ज काही बोलला नाही, मला फक्त आरटीजीपाशी नेऊन (हेल्मेट घालून, लांबून) तासभर उभं केलं. तेवढ्यात जे कळलं ते ट्रेनिंगच्या स्लाईडमध्ये कळलं नव्हतं.

वजनाचा कागद हलक्यात घेऊ नका. जुलै 2016 पासून व्हीजीएम म्हणजे डब्याचं पडताळलेलं वजन नसेल तर डबा जहाजावर चढत नाही. फॉर्म 13 मध्ये (एक्स्पोर्टचा डबा गेटमधून आत न्यायचा कागद) चूक असली तर ट्रेलर गेटलाच अडकतो आणि मग ड्रायव्हरच्या शिव्या खाणार तुम्हीच, त्याचंही बरोबर असतं म्हणा, बिचारा रात्रभर जागलेला असतो.

रात्रपाळी आहेच, पावसाळ्यातही काम थांबत नाही, वारा फार वाढला तरच क्रेन थांबवतात. सॉफ्टवेअर तर कंपनीच शिकवते, पण एक्सेल घरून शिकून या.

आणि इंटरव्ह्यूला मला विचारलेलं, जहाजावर बे 14 कुठे असतो? बे म्हणजे जहाजाच्या लांबीत डबे ठेवायचा कप्पा. वीस फुटी डब्याच्या बेला विषम नंबर, 13 आणि 15. दोन्ही मिळून चाळीस फुटी डबा बसला की तो झाला 14. मी तेव्हा तेराच्या शेजारी म्हणालो होतो.