मेडिकल स्कूलच्या वेटलिस्टवर असताना त्यांना काय कळवायचं, काय नाही

मार्च-एप्रिल आला की इथे अमेरिकेत आमच्या मंडळातल्या दोन-चार घरांत तरी हाच विषय चालू असतो, मुलाला किंवा मुलीला इंटरव्ह्यू छान झाला असं वाटत होतं आणि आता पोर्टलवर 'वेटलिस्ट' दिसतंय, कुठे कुठे त्यालाच 'आल्टरनेट लिस्ट' म्हणतात, आणि मग घरात सगळ्यांचा एकच प्रश्न की आता करायचं काय. मुलं पत्रं लिहून मला वाचायला पाठवतात आणि बहुतेक पत्रांत तीच तीच गडबड दिसते म्हणून एकदा सविस्तर लिहितेय.

आधी आईबाबांसाठी, कारण आपल्या डोक्यात वेटिंग म्हणजे रेल्वेचं वेटिंग असतं, डब्ल्यूएल 14 वरून 9 वर आलं, आरएसी झालं, आता होईल कन्फर्म. नाहीतर मग नीटच्या काउन्सेलिंगचे राउंड आठवतात, जिथे मार्क आणि कॅटेगरी यावर सगळं ठरतं आणि पत्र लिहून काडीचा फरक पडत नाही. इथे तसं नाहीये. काही स्कूल्स लिस्टला रँक देतात, काही मुलांचे गट पाडतात, आणि बरीच स्कूल्स नंबरच ठेवत नाहीत, सीट रिकामी झाली की कमिटी पुन्हा फाइल्स बघते आणि क्लासमध्ये कोण हवंय ते तेव्हा ठरवते. त्या वेळी फाइलमध्ये काय नवीन आहे आणि हा मुलगा बोलावलं तर येईल का, या दोन गोष्टींना किंमत असते. दरवर्षी 50 हजारांच्या वर मुलं एमडीसाठी (इथे ही डॉक्टरकीची पहिलीच डिग्री, आपल्याकडच्या एमबीबीएससारखी) अर्ज करतात आणि साधारण 23 हजार आत जातात, त्यातली बरीच जण वेटलिस्टवरूनच जातात, त्यामुळे वेटलिस्ट म्हणजे गोड शब्दांत दिलेला नकार असं अजिबात समजू नका.

आता मुलांनो तुम्हाला. पहिलं काम पत्र लिहिणं नाही, पोर्टलवर आलेलं त्यांचं लेटर शब्द न शब्द वाचणं. काही स्कूल्सना लिस्टवर राहायचंय हे तू अमुक तारखेच्या आत कळवावं लागतं, नाही कळवलं तर नाव जातं. काही स्पष्ट लिहितात की आम्हाला अपडेट पाठवू नका. तिथे पाठवायचं नाही, म्हणजे नाहीच. 'पण मी पाठवलं तर त्यांना इंटरेस्ट दिसेल ना' असं सगळ्यांना वाटतं, त्यांना मात्र एवढंच दिसतं की याला सांगितलेलं ऐकता येत नाही. काही फक्त पोर्टलवर अपलोड घेतात, काहींना ईमेल चालते, काहींना अजून एक रेकमेंडेशन लेटर चालतं, जे लिहिलंय ते करायचं. ईमेल असेल तर सब्जेक्टमध्ये पूर्ण नाव आणि एमकॅसचा, म्हणजे ज्या सामायिक ऑनलाइन सिस्टिममधून अर्ज केलास तिचा, आयडी टाकायचा.

मग अपडेट म्हणजे नक्की काय? अर्जात नव्हतं आणि आता झालंय ते, एवढंच. नव्या सेमिस्टरचे ग्रेड्स, नवीन नोकरी म्हणजे स्क्राइब (डॉक्टरांच्या नोंदी लिहिणारा), ईएमटी (ॲम्ब्युलन्सवर काम करणारा), मेडिकल असिस्टंट वगैरे, त्यात आत्तापर्यंतचे तास आणि नेमकं काम काय करतोस ते. रिसर्चचं काही पुढे सरकलं असेल तर ते, पण इथे शब्द जपून वापर, पेपर पाठवला, पेपर रिव्ह्यूमध्ये आहे आणि पेपर स्वीकारला या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि 'पब्लिकेशन' असं मोघम लिहून ठेवलंस आणि कोणी शोधायला गेलं तर पंचाईत. मराठी शाळेत रविवारी शिकवतोस, ते अर्जात आधीच असेल तर परत लिहू नको, पण त्यात काही नवी जबाबदारी आली असेल, समजा पूर्ण वर्ग तूच सांभाळतोयस, तर लिही. एमसीएटी, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा, परत दिली असेल तर नवा स्कोअर याच सायकलमध्ये बघतात का ते आधी विचारून घे, सगळीकडे बघत नाहीत.

एक गोष्ट आपल्याकडच्या मुलांची खास. सुट्टीत सांगलीला किंवा नाशिकला मामाच्या हॉस्पिटलमध्ये महिनाभर राहून आलास, छान, लिही, पण काय पाहिलंस ते लिही. 'मला टाके घालू दिले, मी डिलिव्हरीला मदत केली' हे घरी कौतुकाचं असतं, इथल्या कमिटीला ते वाचून धडकी भरते, कारण ट्रेनिंग नसताना पेशंटवर हात चालवणं हे पेशंटच्या जिवाशी खेळणं आहे आणि परदेशात प्रीमेड, म्हणजे मेडिकलची तयारी करणाऱ्या, मुलांनी काय करू नये यावर एएएमसीच्या (इथल्या मेडिकल स्कूल्सची संघटना) गाइडलाइन्स आहेत. आणि कुठल्याही पेशंटची गोष्ट सांगताना नाव, गाव, तारीख, ओळख पटेल असं काहीही नको.

दुसरी खास गोष्ट व्हिसाची. लहानपणी एच-4 वर, म्हणजे आईबाबांच्या वर्क व्हिसाच्या आधाराने, आलेली आणि 21 नंतर एफ-1 वर, म्हणजे स्टुडंट व्हिसावर, गेलेली मुलं अर्जात इंटरनॅशनल धरली जातात, बरीच मेडिकल स्कूल्स त्यांना घेतच नाहीत आणि जी घेतात त्यांतली काही फीचे पैसे आधीच एस्क्रोमध्ये, म्हणजे फीसाठी राखून ठेवलेल्या वेगळ्या खात्यात, ठेवायला सांगतात. त्यामुळे वेटलिस्टवर असताना ग्रीन कार्ड हातात आलं तर त्याच दिवशी कळव, पुराव्यासकट, कारण फेडरल लोन मिळेल की नाही, स्टेट स्कूल असेल तर त्या राज्याचा रहिवासी धरतील का, हे सगळं त्यावर हलतं आणि तुझ्या पत्रातल्या बाकी कुठल्याही ओळीपेक्षा ही ओळ मोठी ठरू शकते. पण 'प्रायॉरिटी डेट (ग्रीन कार्डच्या रांगेतली तारीख) जवळ आली आहे', 'लवकरच होईल' हे लिहू नको, त्याने स्टेटस बदलत नाही.

आता मुख्य, लेटर ऑफ इंटेंट. साधं आवड दाखवणारं पत्र, लेटर ऑफ इंटरेस्ट म्हणतात ते, तीन-चार ठिकाणी पाठवलंस तरी चालतं, 'तुमचं स्कूल माझ्या अगदी वरच्या पसंतीत आहे' इथपर्यंत. लेटर ऑफ इंटेंट मात्र एकाच ठिकाणी जातं, कारण त्यात तू शब्द देतोस की जागा दिलीत तर मी येणार, नक्की येणार, बाकी सगळं सोडून. कायद्याने कोणी तुला बांधू शकत नाही हे खरं आहे, पण डॉक्टर व्हायला निघालेल्या माणसाने पहिलाच दिलेला शब्द दोन जागी द्यावा हे मला पटत नाही आणि कधी पटणार नाही. ठरत नसेल तर पाठवू नको, आवडीचं पत्र पाठव आणि गप्प बस. आणि इंटेंट पाठवत असशील तर वाक्य सरळ असू दे, 'मला प्रवेश मिळाला तर मी तुमच्याकडेच येईन' हे पहिल्या परिच्छेदातच येऊ दे, तिसऱ्या परिच्छेदाच्या शेवटी लपवू नको.

त्यानंतर 'का' ते लिहायचं आणि इथेच बहुतेक पत्रं पातळ होतात. पास-फेल ग्रेडिंग, लवकर क्लिनिकल अनुभव, डायव्हर्स पेशंट्स, हे आता जवळजवळ प्रत्येक स्कूलच्या वेबसाइटवर आहे, नाव बदललं तर तेच पत्र दुसरीकडे चालेल. त्या ठिकाणचंच काहीतरी हवं. क्लीव्हलँड क्लिनिकच्या लर्नर कॉलेजचा कोर्स पाच वर्षांचा आहे आणि त्यात रिसर्च आहे, मग तुझा रिसर्च तिथे कसा पुढे जाईल ते लिही. ब्रॉन्क्समधल्या आइन्स्टाइनमध्ये 2024 पासून ट्यूशन माफ आहे, पण ट्यूशन माफ आहे म्हणून यायचंय हे कारण झालं नाही, ब्रॉन्क्समधल्या लोकांसाठी काम करायची तुझी तयारी आधी कुठे दिसली ते कारण झालं. इंटरव्ह्यूच्या दिवशी कोणाशी काय बोलणं झालं आणि त्यातून पुढे तू काय केलंस ते एक वाक्य टाकलंस तर पत्र तुझंच वाटतं. आजी-आजोबा किंवा जोडीदार त्या शहरात असतील तर तेही लिही, लाजायचं कारण नाही, तू तिथे टिकशील हे त्यातून कळतं.

सगळं मिळून एक पान, त्याच्या वर नाही. स्वतःच्या निराशेबद्दल नको, 'माझ्यापेक्षा कमी स्कोअरवाल्यांना मिळालं' हे तर चुकूनही नको, दुसरीकडे ॲडमिशन आहे असं दडपण आणणं नको. पाठवायचं कधी तर एप्रिलच्या मध्याच्या आसपास, कारण 30 एप्रिल ही मोठी तारीख आहे. हातात एकापेक्षा जास्त ॲडमिशन्स असणाऱ्यांनी तोवर एक ठेवून बाकी सोडायच्या असतात आणि मग मेमध्ये सीट्स हलायला लागतात. पुढे मेच्या शेवटी किंवा जूनमध्ये खरंच काही नवीन असेल तर अजून एक छोटं पत्र, दर आठवड्याला 'काही कळलं का' असं विचारत बसू नको. टेक्सासची अर्जाची सिस्टिम टीएमडीएसएएस आणि डीओ (ऑस्टिओपॅथिक डॉक्टरांच्या) स्कूल्सची सिस्टिम वेगळी आहे, तिथल्या तारखा तिथेच बघायच्या.

एक बटण मात्र नीट समजून घे. एएएमसीच्या टूलमध्ये 'प्लॅन टू एनरोल' निवडलं तरी बाकीच्या वेटलिस्टवर राहता येतं, 'कमिट टू एनरोल' दाबलं की बाकी सगळीकडून, वेटलिस्टसकट, नाव काढून घ्यायचं असतं. घाईघाईत बाबांनी शेजारी उभं राहून 'दाब ना, होऊ दे पक्कं' म्हटलं तरी आधी हे वाच.

आणि संपर्क! कितीतरी मुलांनी अर्ज कॉलेजच्या ईमेलवरून केलेला असतो आणि ग्रॅज्युएशननंतर काही कॉलेजांत ते अकाउंट बंद होतं. नवा ईमेल, नवा फोन आधीच कळव आणि एमकॅसमध्येही बदल, व्हॉइसमेल रिकामा ठेव, अनोळखी नंबर उचल. जूनमध्ये लग्नाला, मुंजीला भारतात जाणार असाल तर जा, पण फोन चालू पाहिजे आणि रात्री दोनला कॉल आला तरी उचलायचा, कारण उशिरा आलेल्या ऑफरला उत्तर द्यायला मोजकेच कामाचे दिवस मिळतात, ओरिएंटेशन तोंडावर आलं असेल तर दोनच.

म्हणून पैशांचं बोलणं आधी करून ठेवा. एफएएफएसएमध्ये, म्हणजे सरकारी शैक्षणिक मदतीच्या फॉर्ममध्ये, 20 कॉलेजं टाकता येतात, वेटलिस्टवालीही टाकून ठेव. 1 जुलै 2026 पासून नव्या कर्जदारांना ग्रॅड प्लस लोन (बाकीचा सगळा खर्च भागवणारं फेडरल लोन) मिळणार नाही आणि मेडिकलसारख्या कोर्सला फेडरल लोन वर्षाला 50 हजार डॉलर, एकूण 2 लाख इतकंच, त्यामुळे महागडं प्रायव्हेट स्कूल असेल तर वरचे पैसे कुठून येणार ते त्या दोन दिवसांत ठरवायला बसलात तर घरात भांडणंच होतील.

आईबाबा, परत तुम्हाला एक कळकळीची विनंती, तुम्ही फोन करू नका. मूल सज्ञान आहे, त्याच्या परवानगीशिवाय ऑफिस तुमच्याशी काही बोलणार नाही, आणि आईने फोन केला ही नोंद मात्र राहू शकते. ओळखीचे डॉक्टर काका तिथे फॅकल्टी आहेत म्हणून त्यांना शब्द टाकायला लावणं, डोनेशनचा विषय काढणं, मिठाईचा डबा पाठवणं, यातलं काहीही नको. तुम्ही पत्र वाचा, स्पेलिंग बघा, जेवायला घाला, आणि रोज संध्याकाळी 'आलं का काही' विचारू नका, तो दिवसभर तेच बघत असतो.

पुढच्या वर्षीचं एमकॅस मेच्या सुरुवातीला उघडतं, तेव्हा जूनपर्यंत काही हललं नाही तर वाट बघत असतानाच नवा अर्ज भरायला घे, दोन्ही एकत्र चालतं. क्लास सुरू झाल्यावरही काही आलं नाही तर ज्या स्कूल्स फीडबॅक देतात त्यांना दोन ओळींची विनंती पाठव की माझ्या अर्जात काय कमी पडलं ते सांगाल का, आणि जे सांगतील ते पुढच्या अर्जाच्या आधी लिहून ठेव.