पक्ष्याचा पिंजरा गंजण्यापासून कसा वाचवावा

पिंजऱ्यावर तांबूस डाग दिसला की बहुतेकांना पहिल्यांदा आठवतो तो रंगाचा डबा. तो उघडण्याआधी जरा थांबा. पोपट, बजरीगर, कॉकाटील हे पक्षी चोचीचा वापर तिसऱ्या पायासारखा करतात. गजांवर चढताना ते चोचीने धरतात, कंटाळा आला की तेच गज कुरतडत बसतात. त्यामुळे गजांवर जे असेल, ते थोडेथोडे त्यांच्या पोटात जाते. लोखंडाचा जरासा गंज गेला, तर पोपटवर्गातल्या पक्ष्याला सहसा विषबाधा होत नाही. मैना आणि टूकन यांचे मात्र वेगळे आहे. त्यांच्या यकृतात लोह साठत जाऊन जिवावर बेतणारा आजार होतो, म्हणून त्यांच्याबाबत गंजाचा डागही चालवून घेऊ नये. बाकीच्या पक्ष्यांना खरा धोका जस्ताचा आणि शिशाचा असतो. गंज रोखायचा मुलामा आणि गंज झाकायचा रंग यांतून नेमके तेच पोटात जाऊ शकते. बजरीगराचे वजन असते तीस-चाळीस ग्रॅम, त्याला किती पुरेल याचा विचार करा.

आधी धातू ओळखा

बाजारातले पिंजरे साधारण तीन प्रकारचे असतात. पावडर कोटिंग (रंगाची भुकटी तापवून चढवलेला कडक थर) केलेले लोखंडी पिंजरे सर्वांत जास्त दिसतात. कोटिंग अखंड आहे तोवर ते चांगले टिकतात. एक टवका उडाला की ओल आत शिरते, कोटिंगखाली गंज पसरतो आणि वर फोड येतात.

दुसरा प्रकार जस्ताचा मुलामा दिलेल्या तारेचा. त्यावर पांढरी भुकटी दिसली तर तो जस्ताचाच गंज असतो, आणि पक्ष्यासाठी तो तांबड्या गंजापेक्षा वाईट. अशा जाळीत तारांचे सांधे नीट बघा. आधी वेल्डिंग करून मग मुलामा दिलेला असेल तर सांधे झाकलेले राहतात. उलट क्रमाने केले असेल तर वेल्डिंगच्या जागी मुलामा जळतो आणि गंज तिथूनच सुरू होतो.

तिसरा प्रकार स्टेनलेस स्टीलचा. महाग, पण कुरतडणारा मोठा पक्षी असेल तर माझे मत निःसंशय याच्याच बाजूने आहे, कारण यावर सोलून निघायला काही नसतेच.

गंज कुठे धरतो ते शोधा

गजांच्या मधल्या भागावर गंज क्वचितच सुरू होतो. पाण्याच्या वाटीची कडी, वाटीमागचे गज, तळाची जाळी, ट्रेचे कोपरे, दाराच्या बिजागऱ्या, दांड्या अडकवायच्या जागा इथे पाणी आणि घाण साचते. शीट, फळांचा रस आणि भिजलेले दाणे ओल धरून ठेवतात. आठवड्यातून एकदा ट्रे आणि जाळी काढून उजेडात बघा. गजांवरून बोट फिरवा, कोटिंगला आलेला फोड आधी बोटाला जाणवतो.

डाग काढायची पद्धत

पक्ष्याला दुसऱ्या पिंजऱ्यात, दुसऱ्या खोलीत हलवा. पक्ष्यांच्या फुप्फुसांना हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात, श्वासावाटे आत जाणारी वाफ आणि धूर त्यांना आपल्यापेक्षा कितीतरी लवकर बाधतो. म्हणून हे काम त्याच्यासमोर नको.

सुटे होणारे सगळे भाग काढा. कोमट पाणी आणि सौम्य साबणाने वाळलेली शीट धुऊन काढा. मग पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घ्या, कापड भिजवून डागावर दहा-पंधरा मिनिटे ठेवा आणि नायलॉनच्या ब्रशने घासा. जुना टूथब्रश सांध्यांसाठी उत्तम. तारेचा काथ्या वापरू नका. त्याने पावडर कोटिंगवर ओरखडे पडतात, आणि स्टेनलेस स्टीलवर लोखंडाचे बारीक कण अडकून तिथेच नवे डाग उमटतात.

जस्ताच्या तारेला व्हिनेगरने पटकन पुसा, घासा आणि लगेच धुवा. सुटी भुकटी निघून जाते, धोका कमी होतो, पण संपत नाही. अशी तार व्हिनेगरमध्ये भिजत ठेवली तर आम्ल मुलामाच खाऊन टाकते आणि तार आधीपेक्षा लवकर गंजते.

ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र येऊ देऊ नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, तो माणसालाही घातक आहे. नुसते ब्लीचही स्टेनलेस स्टीलवर राहिले तर त्याला बारीक खड्डे पडतात.

यानंतर भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा, वास पूर्ण जाईपर्यंत.

वाळवणे सोडू नका

सगळ्या कामात लोक इथेच घाई करतात. ओला पिंजरा जोडला की सांध्यांत अडकलेले पाणी आत राहते. सुक्या कापडाने एकेक गज पुसा, मग सगळे भाग उन्हात किंवा पंख्याखाली सुटे ठेवा आणि पूर्ण वाळल्यावरच जोडा.

हीच सवय रोजची करा. सकाळी पाणी बदलताना वाटीची कडी आणि तिच्यामागचे गज सुक्या फडक्याने पुसायला मिनिटभर लागतो. ट्रेमध्ये कागद घाला आणि तो रोज बदला. पक्ष्याला अंघोळ शक्यतो पिंजऱ्याबाहेर, पसरट भांड्यात घाला. आतच घालायची तर नंतर गज पुसा. रात्री पिंजऱ्यावर टाकायचे कापड दमट नसावे. समुद्राजवळच्या हवेत मीठ असते, तिथे गज आठवड्यातून एकदा साध्या पाण्याने पुसून कोरडे करा. पिंजरा स्वयंपाकघरात ठेवू नका. तिथे वाफ असतेच, शिवाय नॉनस्टिक भांडे जास्त तापले की निघणाऱ्या धुराने पक्षी काही मिनिटांत दगावू शकतो.

बिजागरी करकरली म्हणून तेल सोडू नका. ते पिसांना लागते आणि पिसांची ऊब धरायची ताकद जाते.

टवका उडाला असेल तर

चोच पोचेल अशा जागी हाताने रंग लावू नये, असे मी ठामपणे सांगेन. डब्यावर ‘बिनविषारी’ लिहिलेले असले तरी चोचीने सोललेला पापुद्रा पोटात जायचा तो जातोच. गंजलेला भाग सुटा होत असेल तर तो बदला. सगळा पिंजराच चांगला मजबूत असेल, तर जुना थर काढून शिसे आणि जस्त नसलेले पावडर कोटिंग व्यावसायिकाकडून पुन्हा करून घ्या.

तळाचे वेल्डिंग सुटले, गज हलू लागले किंवा टोके बाहेर आली तर दुरुस्ती करत बसू नका, पिंजरा बदला. तुटक्या तारेत बोट किंवा पायातली कडी अडकून पक्षी स्वतःला गंभीर इजा करून घेतो. जुना, रंगवलेला आणि कशाने रंगवला हे ठाऊक नसलेला पिंजरा तर पक्ष्यासाठी घेऊच नये. जुन्या रंगांत शिसे सापडते.

पक्ष्यात हे दिसले तर

सुस्ती, उलट्या, खूप पाणी पिणे, पातळ किंवा गडद हिरवी शीट, तोल जाणे, पायांत अशक्तपणा, झटके. पिंजरा कुरतडणाऱ्या पक्ष्यात यातले काही दिसले तर त्याच दिवशी पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे न्या. एक्स-रेमध्ये पोटातला धातूचा कण दिसू शकतो, रक्तात जस्त आणि शिसे तपासता येते आणि शरीरातला धातू बाहेर काढणारी औषधे आहेत. लवकर पोचलात तर पक्षी वाचायची शक्यता बरीच वाढते. जाताना पिंजऱ्याचा सोललेला पापुद्रा किंवा तारेचा तुकडा पिशवीत घालून बरोबर न्या. पक्ष्याने काय कुरतडले हे त्यावरून डॉक्टरांना लगेच कळते.