शेजारी इमारत उभी राहतेय? परसदारी आडोसा असा करा

शेजारच्या प्लॉटवर तीन मजली बांधकाम सुरू झालं की बहुतेकजण आधी कंपाउंडची भिंत वाढवायला निघतात. वरच्या खिडकीपुढे तिचा फारसा उपयोग नाही. आधी हिशेब मांडा. समजा, खिडकीतली नजर 24 फूट उंचीवर, बसायच्या जागेपासून 30 फूट लांब. बसलेल्याचं डोकं 4 फुटांवर. मग खुर्चीपासून 12 फूट दूर असलेल्या भिंतीशी आडोसा 12 फूट उंच लागतो, खुर्चीपासून 4 फुटांवर मात्र 7 फूट पुरतो. म्हणून तो बसण्याजवळच घ्या.

तिथे दोन इंची जीआय (जस्ताचा थर दिलेले लोखंडी) पाइप 6-6 फुटांवर, 2 फूट खोल काँक्रीटमध्ये रोवा, वेल्डमेश (तारांची चौकटी जाळी) बांधा आणि मधुमालती चढवा. वेल दाट होईपर्यंत 75 टक्के सावली देणारी शेडनेट लावा. वळवाच्या वाऱ्याआधी ती उतरवाच. फुगली की खांब वाकतात.

भिंतीकडेला जूनमध्ये बेटाने वाढणारा बांबू लावा, 3-3 फुटांवर, भिंतीपासूनही तेवढंच अंतर सोडून. लांब धावणाऱ्या मुळांची जात घेऊ नका, कोंब शेजारच्या आवारात निघतात आणि भांडण कायमचं होतं.