घरचा शालेय प्रकल्प : पालकांनी टाळाव्यात अशा चुका

मुलगा पाचवीत असताना मी सिंधुदुर्ग किल्ल्याची प्रतिकृती केली. ‘मी केली’ असे लिहिताना संकोच वाटतो, पण खरे तेच आहे. रात्री अकरानंतर तो झोपून गेला होता आणि तटाचे बुरूज मी एकटा कापत बसलो होतो. दुसऱ्या दिवशी बाईंनी त्याला एवढेच विचारले, की चहूबाजूंनी खारे पाणी असताना किल्ल्यातली माणसे पिण्याचे पाणी कोठून आणत. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तिन्ही गोड्या पाण्याच्या विहिरी प्रतिकृतीत होत्या, मे महिन्याच्या सुट्टीत मालवणला जाऊन त्याने त्या वाकून पाहिल्याही होत्या, तरी तो गप्प राहिला. कारण पुठ्ठ्यातल्या विहिरी त्याने केलेल्या नव्हत्या आणि त्या तेथे कशासाठी आहेत हे आमच्या घरात त्याला कोणी विचारलेच नव्हते.

सर्वात मोठी चूक हीच, आणि ती आळशी पालकांपेक्षा हौशी पालकांकडून अधिक होते. आकारिक मूल्यमापनाच्या (शाळेत वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाच्या) साधनांत तोंडी काम, प्रात्यक्षिक आणि स्वाध्याय यांच्या जोडीने प्रकल्प आहे, म्हणजे शिक्षकांना मुलाने काय पाहिले आणि त्याला काय कळले हे तपासायचे असते. आमच्या घरी आता कामाची वाटणी ठरलेली आहे. धारदार कटर, इस्त्री, गरम गोंदाची बंदूक आणि मोटारसायकल माझ्याकडे. विषय, आराखडा, रंग आणि लेखन त्याच्याकडे. रेघ वाकडी गेली तर ती वाकडीच राहते. वाकडी रेघ पाहून हात शिवशिवतात हे मान्य करतो.

विषय निवडताना होणारी चूक याला लागूनच आहे. मोबाइलवरच्या चित्रफिती पाहून घरोघरी सोडा आणि व्हिनेगरचा ज्वालामुखी फसफसतो. वास्तविक स्वयंपाकघरात आमसुले असतात, त्यांचे लाल पाणी दोन वाट्यांत घेऊन एकीत खाण्याचा सोडा टाकला की रंग पालटतो आणि आम्ल-अल्कली हा धडा तेथेच सुरू होतो. रंग बदलला नाही, तर बहुधा बाजारचे रंग घातलेले सरबत वापरलेले असते. त्याऐवजी आमसुले तासभर साध्या पाण्यात भिजवावीत.

निरीक्षणाच्या प्रकल्पात मात्र चूक अधिक गंभीर असते, कारण ती अप्रामाणिकपणाची असते. भरती-ओहोटीची पंधरा दिवसांची नोंद करायला सांगितलेली असते, आणि आपण चौदाव्या दिवशी मोबाइलवरून सगळ्या वेळा एका बैठकीत, एकाच पेनने उतरवून देतो. किनाऱ्यावरच्या शाळेत हे लपत नाही. भरतीची वेळ रोज सरासरी ५० मिनिटांनी पुढे सरकते, आणि तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते (चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा) हा आडाखा येथे खलाशांप्रमाणे कित्येक शिक्षकांनाही पाठ असतो. मुलाने चार दिवस जेटीवर जाऊन एकाच खांबावर पाणी कोठवर चढले ते खडूने टिपले, पावसामुळे दोन दिवस चुकले आणि त्या रकान्यात ‘गेलो नाही’ असे लिहिले, तर ती नोंद उतरवून काढलेल्या तक्त्यापेक्षा मला मोलाची वाटते. उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) यांतला फरक त्याला त्या खुणांवरूनच दिसेल. लहान मुलाला जेटीवर एकटे मात्र पाठवू नये. मासेमारीची माहिती हवी असेल, तर जून-जुलैत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, तेव्हा जाळी दुरुस्त करत बसलेल्या माणसांना बोलायला वेळ असतो. प्रश्न मात्र मुलाने विचारावेत आणि आपण बाजूला उभे राहावे.

साहित्याच्या बाबतीत कोकणातली हवा हाच मुख्य अडथळा आहे. पांढरा गोंद त्यातील पाणी उडून गेल्यावर धरतो, त्यामुळे श्रावणातल्या दमट रात्री चिकटवलेला तट सकाळपर्यंत सरकलेला असतो. त्यावर उपाय अधिक गोंद हा नसून पातळ थर, वर वजन आणि निदान दोन दिवस आधी सुरुवात हा आहे. पुळणीवरून आणलेली वाळू तशीच चिकटवली, तर तिच्यातले मीठ हवेतील ओल ओढून घेते आणि आठवड्यात वाळू सुटू लागते; ती गोड्या पाण्यात दोन-तीनदा धुऊन, वाळवून मगच वापरावी. शिंपले-शंख उचलताना ते रिकामे आहेत ना, हे पाहावे, कारण शंखात पुष्कळदा खेकडा राहत असतो, आणि तसा शंख घरी आला की तिसऱ्या दिवशी दुर्गंधीनेच त्याचा शोध लागतो. पानांच्या संग्रहाला बुरशी येते ती वर्तमानपत्राचा कागद रोज न बदलल्यामुळे. आंब्याच्या जाड पानाला कागदांमध्ये ठेवून कोमट इस्त्री फिरवली तर काम लवकर होते.

थर्माकोलविषयी वेगळे सांगायला हवे. २०१८ च्या अधिसूचनेपासून राज्यात सजावटीसाठी त्याच्या वापरावर बंदी आहे, आणि फवाऱ्याचा रंग मारला की त्यातील द्रावकाने तो विरघळून खड्डे पडतात. पोफळीची विरी (झावळीच्या देठाचे रुंद आवरण), करवंटी, काथ्या आणि जुन्या खोक्यांचा पुठ्ठा हे साहित्य परसात किंवा माळ्यावर फुकट मिळते. तयार प्रतिकृती दुकानातून आणण्याबद्दल काही लिहीत नाही.

उरला शेवटच्या रात्रीचा प्रसंग, जो सगळे पाळूनही येतोच. तेव्हा प्रकल्प पूर्ण करण्याच्या मागे न लागता तो लहान करावा. संपूर्ण किल्ल्याऐवजी एकच विहीर, एक बुरूज आणि मुलाने स्वतःच्या शब्दांत लिहिलेले एक पान पुरे होते. आकार ठरवताना एसटीचे दार डोळ्यांसमोर ठेवावे, कारण तळाची फळी मुलाला एकट्याने मांडीवर घेऊन बसता आली पाहिजे. पावसाळ्यात ती प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून द्यावी आणि दप्तरात गोंदाची छोटी बाटली ठेवावी. यंदा माझ्या मुलाचा एक बुरूज घाटीच्या वळणावर निघाला. तो कोठला हे त्याला ठाऊक होते, त्यामुळे शाळेत पोहोचल्यावर त्याने तो स्वतःच बसवला, किंचित तिरका.