परदेशातल्या स्वयंसेवी आयुष्याबद्दल कसं लिहावं?

अमेरिकेची पीस कोअर ही स्वयंसेवक संस्था मार्च १९६१ मध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एका पोस्टकार्डामुळे अडचणीत आली. नायजेरियातल्या इबादान शहरात प्रशिक्षण घेणाऱ्या एका तरुण स्वयंसेविकेनं मायदेशी मित्राला कार्ड लिहिलं. शहरातली घाण, मागासलेलं राहणीमान, रस्त्यावरच चाललेलं जगणं असा मजकूर त्यात होता. कार्ड पोस्टात पडण्याआधीच हरवलं आणि तिथल्या विद्यार्थ्यांच्या हाती लागलं. त्याच्या प्रती निघाल्या, विद्यापीठात निदर्शनं झाली. देश स्वतंत्र होऊन जेमतेम एक वर्ष झालं होतं. स्वयंसेविकेला परत जावं लागलं.

तो मजकूर खाजगी होता आणि तो लिहिणारीचा हेतूही वाईट नव्हता. पण ज्यांच्याबद्दल लिहिलं तेही वाचक असू शकतात, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. आज तर गावोगावी फोन आहेत आणि भाषांतर क्षणात होतं. त्यामुळे स्वयंसेवी कामाबद्दल लिहिणाऱ्यानं पहिल्या ओळीपासून एक गोष्ट गृहीत धरावी: ज्या गावात मी राहतो, ते गाव हे वाचणार आहे. खाली जे सुचवलं आहे, ते सगळं यातूनच आलं आहे.

निघण्यापूर्वी: नियम वाचा

हे काम कंटाळवाणं आहे, पण लवकर उरकतं. ब्रिटनची व्हीएसओ ही स्वयंसेवक पाठवणारी संस्था, संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम, जपानची सरकारी स्वयंसेवक योजना, प्रत्येकाचे नियम वेगळे असतात. पीस कोअरचे स्वयंसेवक स्वतःच्या लेखनात ‘ही मतं माझी आहेत, संस्थेची किंवा सरकारची नाहीत’ अशी सूचना देतात. तुमच्या करारात काय लिहिलंय ते पाहा आणि शंका असेल तिथे लेखी विचारा. राजकीय मजकुराबाबत विशेष जपा. लिहून झाल्यावर तुम्ही विमानात बसाल. तुमच्यासोबत काम करणारे स्थानिक सहकारी मात्र तिथेच राहणार असतात.

पहिले काही महिने: फक्त टिपणं

सुरुवातीच्या दिवसांत सगळंच ठळक दिसतं, म्हणून लिहायची घाई होते. लिहा जरूर, पण प्रसिद्ध करू नका. वहीचं डावं पान जे पाहिलं-ऐकलं त्यासाठी ठेवा आणि उजवं पान त्याचा लावलेला अर्थ लिहिण्यासाठी. डाव्या पानावर विशेषणं नकोत. ‘वर्ग गजबजलेला’ असं न लिहिता किती मुलं, किती बाकं, फळा कुठे, खिडकीतून उजेड कुठवर येतो, हे लिहा. कुणाचं बोलणं टिपलं तर ते कोणत्या भाषेत होतं आणि दुभाषा कोण होता, याचीही नोंद करा. टिपण त्याच रात्री पुरं करावं. दुसऱ्या दिवशी आठवणीच्या जागी आपली समजूत येऊन बसते.

उजवं पान पेन्सिलीनं लिहिलेलं बरं, कारण ते बदलत जाणार. एक उदाहरण देतो. इथिओपियात रोजच्या व्यवहारात घड्याळ सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे आठ म्हणजे तिथले दोन. हे ठाऊक नसलेला पाहुणा दोनची बैठक ऐकून दुपारी पोहोचतो, रिकामी खोली पाहतो आणि ‘इथे वेळेला किंमत नाही’ असं लिहून टाकतो. लोक मात्र वेळेवर येऊन, बैठक संपवून, कामाला गेलेले असतात. अशी वाक्यं तीन-चार महिने उजव्या पानावर राहिली की त्यांतली बरीचशी तुम्ही स्वतःच खोडाल.

पैशाचे आकडे लिहिताना ते फक्त डॉलरमध्ये देऊ नका. तिथल्या चलनात किंमत आणि तिथल्या मजुराची दिवसाची कमाई, या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या तरच वाचकाला त्या वस्तूचं वजन कळतं.

एकच गोष्ट निवडा आणि तळाशी जा

माझ्या मते चांगल्या आणि सामान्य लेखनातला सगळ्यात मोठा फरक इथे पडतो. ‘माझं आफ्रिकेतलं वर्ष’ हा विषय होऊ शकत नाही. त्या खंडात पन्नासहून जास्त देश आहेत. देश सांगा, प्रदेश सांगा आणि मग त्यातलंही एखादं दार, एखादं यंत्र, एखादी रांग निवडा.

समजा, गावातला हातपंप बंद पडलाय. पहिला मोह असतो दूरवर चालत जाणाऱ्या बायकांचं वर्णन करून थांबण्याचा. तिथे थांबू नका. पंप कोणत्या बनावटीचा आहे ते विचारा. भारतात विकसित झालेला इंडिया मार्क टू आफ्रिकेतल्या अनेक देशांत बसवलेला आहे. पंप मजबूत आहे, पण जमिनीखालचा भाग दुरुस्त करायचा तर बहुधा पाइपांची सगळी रांग वर ओढावी लागते आणि त्यासाठी अवजारं आणि सरावाची माणसं लागतात. आफ्रिदेव हा पंप पुढे याच अडचणीवर उपाय म्हणून, गावकऱ्यांना स्वतः खोलता यावा असा, तयार झाला. म्हणजे तुमच्या गावातला पंप कोणता, यावरून दुरुस्ती कुणाच्या हातात आहे हे ठरतं. मग सुटा भाग कुठल्या शहरात मिळतो? पाणी समिती आहे का, वर्गणी कोण गोळा करतं, तो पैसा कुठे ठेवतात? पंप बसवणाऱ्या संस्थेनं देखभालीचा खर्च कुणावर सोडला? या प्रश्नांची उत्तरं मिळवायला आठवडे लागतात, पण ती मिळाली की लेखातला गाव नुसता तहानलेला राहत नाही. हिशेब करणारी, भांडणारी, तोडगे काढणारी माणसं तिथे दिसू लागतात. दवाखान्यातली औषधं संपणं, शिक्षक बदलून जाणं, पावसात रस्ता तुटणं, कुठल्याही विषयाला असंच खोदता येतं.

माणसांबद्दल लिहिताना

परवानगी घ्या, एवढं म्हणणं पुरेसं नाही. विद्यार्थी शिक्षकाला आणि रुग्ण दवाखान्यातल्या माणसाला ‘नको’ म्हणू शकत नाही. म्हणून शक्यतो त्या व्यक्तीला ज्याच्याजवळ मोकळं बोलता येतं अशा तिसऱ्या कुणाकडून विचारा, मजकूर कुठे छापला जाणार ते दाखवा आणि प्रसिद्ध करण्याआधी पुन्हा एकदा विचारा. मधल्या काळात मन बदलण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे.

नाव बदललं म्हणजे ओळख लपली असंही नाही. छोट्या गावात ‘एकमेव सुईण’ म्हटलं की सगळ्यांना कळतं. नावाबरोबर गाव, वय, काम यांतलं काहीतरी गाळा आणि ते गाळल्याचं वाचकाला सांगा. दोन माणसं मिसळून तिसरं तयार करू नका, ती कथा होते. फोनवर काढलेल्या फोटोत बहुधा ठिकाणाचे अक्षांश-रेखांश दडलेले असतात, ते पुसून टाका.

मुलांच्या बाबतीत मी अजिबात सवलत देणार नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेचं सोळावं कलम मुलांच्या खाजगीपणाचं रक्षण करतं. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या मुलाचं नाव बदलावं आणि चेहरा झाकावा, असं युनिसेफची वार्तांकनाची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. ‘अनाथ’ हा शब्द चौकशीशिवाय वापरू नये. अनेक देशांत अनाथालयांतल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. गरिबीमुळे किंवा शिक्षणाच्या आशेनं मुलं तिथे ठेवलेली असतात. तुमच्या एका हळव्या लेखानं देणग्या आणि हौशी पाहुणे वाढले, तर आणखी मुलं घरापासून तुटू शकतात.

खर्डा तपासताना क्रियापदं मोजा

प्रत्येक वाक्यात काम कोण करतंय ते पाहा. हे वाक्य घ्या:

‘आम्ही गावातल्या महिलांना हात धुण्याचं महत्त्व पटवून दिलं.’

आता तोच प्रसंग असा:

‘आरोग्यसेविकेनं बैठक बोलावली आणि विषयही तिनंच मांडला. हात धुवायला हवेत हे महिलांना माहीत होतं. पाणी लांबून आणावं लागतं, तर ते कशासाठी किती वापरायचं, यावर चर्चा अडली. हजेरी मी लिहून घेतली.’

दुसऱ्या उताऱ्यात स्वयंसेवकाची जागा छोटी झाली, पण खरी झाली. शिवाय वाचकाला तिथली खरी अडचणही कळली. ‘गरीब आहेत पण किती आनंदी!’ हे वाक्य कुठल्याही रूपात आलं तर काढून टाका. एखादी बाई हसत असेल तर ती कशाला हसली ते लिहा.

स्वतःचे वाईट दिवस मात्र लपवू नका. एकटेपणा, तापात काढलेल्या रात्री, आपला इथे काही उपयोग आहे का हा प्रश्न, हे सगळं या आयुष्याचा भाग आहे आणि पुढे जाणाऱ्याला ते आधी कळायला हवं. फक्त त्या त्रासाचं खापर देशावर फोडू नका. तापात कुणी पाणी आणून दिलं, कोणत्या औषधानं उतरला, सुट्टीचे दिवस कसे घालवले, हे नेमकं लिहा. तेच पुढच्या माणसाला उपयोगी पडतं.

प्रसिद्ध करण्याआधी आणि नंतर

मजकूर स्थानिक सहकाऱ्याला वाचायला द्या. भाषा अडत असेल तर शेजारी बसून तोंडी सांगा. ‘काही चुकलंय का?’ असं विचारलं तर सभ्यपणे ‘नाही’ असंच उत्तर येईल. त्याऐवजी ‘तुम्ही हे लिहिलं असतं तर काय वेगळं लिहिलं असतं?’ असं विचारा आणि उत्तर लिहून घ्या. ते उत्तर पटलं नाही तरी लेखात त्यांच्या नावानिशी, अर्थात त्यांची हरकत नसेल तर, जागा द्या.

छापून आल्यावर प्रत गावात पाठवा. जमल्यास तिथल्या भाषेतला सारांशही जोडा. मूळ वह्या जपून ठेवा, म्हणजे पुढे कुणी एखाद्या तपशिलाबद्दल विचारलं तर डावं पान उघडून उत्तर देता येईल.