लष्करी खगोलप्रेमीचं चरित्र जुळवताना

व्हिक्टोरियाच्या काळात तलवार ठेवून लेखणी आणि दुर्बीण धरलेले बरेच ब्रिटिश अधिकारी भेटतात. आल्फ्रेड विल्क्स ड्रेसन (१८२७–१९०१) हे त्यांतलं ठळक नाव. तोफखान्यात नोकरी, वूलिचच्या लष्करी अकादमीत अध्यापन, मुलांसाठी साहसकथा, आणि पृथ्वीला आणखी एक परिवलन आहे हा आयुष्यभराचा हट्ट. खगोलशास्त्रज्ञांनी तो मानला नाही.

अशा माणसाचा शोध मृत्यूपासून मागे न्यावा. इंग्लंड-वेल्समध्ये १८५८पासून मृत्युपत्रांची वार्षिक सूची निघते. तिच्यात मृत्यूची तारीख आणि मालमत्तेची रक्कम असते. माणूस रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचा सभासद असेल, तर तिच्या 'मंथली नोटिसेस' या नियतकालिकाचे मृत्यूनंतरचे फेब्रुवारीचे अंक चाळा. मृत्युलेख बहुधा तिथेच सापडतो.

मृत्युलेखातला हुद्दा मात्र जसाच्या तसा उचलू नका. निवृत्त होताना मानाचा वरचा हुद्दा मिळे, शिवाय ब्रेव्हेट बढतीमुळे सैन्यातला हुद्दा एक आणि रेजिमेंटमधला दुसरा असे. बढत्या 'लंडन गॅझेट' हे सरकारी राजपत्र आणि 'हार्ट्स आर्मी लिस्ट' ही अधिकाऱ्यांची छापील यादी, यांत बघून वर्षवार लावून घ्या. पायदळ-घोडदळात १८७१पर्यंत हुद्दे विकत मिळत. तोफखान्यात ती सोय नव्हती, त्यामुळे तिथली बढती रखडली म्हणून अधिकारी गरीब होता असा अर्थ काढू नये.

खरा घोळ निरीक्षणांच्या वहीत होतो. खगोलीय दिवस १९२४ अखेरपर्यंत दुपारी बारा वाजता सुरू होई. वहीत '१२ मार्च, १४ तास ३० मिनिटं' असेल, तर आपल्या हिशेबात ती १३ मार्चची पहाट, अडीचची वेळ. हे विसरलं की ग्रहणसुद्धा चुकीच्या रात्री पडतं. पण काही हौशी मंडळी साधी तारीखही लिहीत, म्हणून एखादी नोंद पडताळाच: गुरूच्या उपग्रहांची स्थिती तारांगणाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही तारखांना लावून बघा. तरी काही मिनिटांचा फरक उरला, तर वेळ स्थानिक असू शकते. रेखांशाच्या एका अंशाला चार मिनिटं.

लेखन शोधताना केवळ नावावर विसंबू नका. ब्रिटिश अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनचे पहिले अध्यक्ष (१८९०) कॅप्टन विल्यम नोबल 'इंग्लिश मेकॅनिक' या साप्ताहिकात 'रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचा एक फेलो' एवढ्याच सहीने लिहीत. अशा पत्रांत दुर्बिणीचा व्यास आणि निरीक्षणाचं ठिकाण टिपून ठेवा, आणि त्याच माणसाच्या नावानिशी छापलेल्या लेखांशी ताडून पाहा.